कुर्र करायला आत्या पाहिजे

पनवेल, मंगळवार
फेब्रुवारी २००९

चि. सौ. किशोरी हिस,

तुझी आई गुणाबाई हिचा आशीर्वाद घे, आणि पत्र संपेपर्यंत हातातून खाली ठेवू नको. इकडे सगळे बरे आहेत, तुझ्या बापाचा गुडघा सोडून. तुझी कंबर कशी आहे? मी दिलेलं तेल लावतेस की बाटली तशीच फळीवर आहे? कुंदनराव कसे आहेत? तुझ्या सासूबाई कशा आहेत ते विचारत नाही, त्या चांगल्याच असणार.

आठवडा झाला तू फोन उचलत नाहीस म्हणून हे लिहायची पाळी आली. चौथीत माझी शाळा सुटली आणि डोक्यावर मासळीची टोपली आली, तेव्हापासून सही सोडून मी काही लिहिलेलं नाही. तेव्हा अक्षराला हसू नको. काना-मात्रा चुकला तर दोष तुझ्या फोनचा. आज मंगळवार, निम्मं पनवेल भाजी खातं, मार्केटात माश्यांशिवाय गिऱ्हाईक नाही, म्हणून वेळ मिळाला. पत्र तुमच्या करंजाच्या दिनानाथच्या हाती पाठवते आहे. त्याने वाटेत वाचू नये म्हणून भाताच्या शितांनी चारी बाजूंनी चिकटवलं आहे, जपून फोड.

तुझी भाची छान आहे. रंग तुझ्या बापाचा आणि आवाज माझा, म्हणजे रंगाचं वाईट झालं पण आवाजाची काळजी मिटली. फक्त तिला नाव नाही. कसं नाही आणि का नाही ते सविस्तर सांगते, कारण तू जे समजून बसली आहेस ते तसं नाही.

तुझा भाऊ धनेश देव मानत नाही हे तुला माहीत आहे. द्रोणागिरीला कंटेनरच्या यार्डात लागल्यापासून तो काहीच मानेनासा झाला. मी त्यावर कधी वाद घातला नाही. देव मानत नसला तरी मोदक मानतो, बायकोवर हात उचलत नाही, बापाला उलट बोलत नाही. (देवळाच्या पायऱ्या झिजवून या दोन्ही गोष्टी करणारे आपल्याच आळीत आहेत, नावं तुला ठाऊक आहेत.) तर तो म्हणाला, पोरीला देवीचं नाव नको आणि पत्रिकेतल्या अक्षराचंही नको. गुणाचं नाव ठेवायचं. उद्या तिला कोणी नावाचा अर्थ विचारला तर तिला सांगता आलं पाहिजे की माणसाने कसं वागावं ते माझं नाव आहे. ऐकायला बरं वाटलं. मी म्हटलं, गुणाचंच नाव पाहिजे तर शोधता कशाला, मी गुणाबाई घरातच आहे. नवराबायको दोघंही भिंतीकडे बघायला लागली.

मग सूनबाईने, पूर्वीने, निष्ठा काढलं. धनेश म्हणाला, निष्ठा कोणावर ते कळल्याशिवाय त्यात गुण कसला, पुढाऱ्याच्या गाडीमागे धावणारी पोरंही निष्ठावंतच असतात. श्रद्धा आणि भक्ती तोंडातून निघायच्या आत बाद झाल्या. क्षमा मी बाद केलं. मच्छीवालीच्या घरात क्षमा काय कामाची, गिऱ्हाईक भाव पाडून पाडून पोरीला रडवेल. शांती म्हणायला आणि पोरीने टाहो फोडायला एकच गाठ पडली, शेजारचा दादू धावत विचारायला आला की काय झालं. मग करुणा, विनया, सहना अशी यायला लागली आणि माझं डोकं फिरलं. तूच बघ ना, बाय, मुलींच्या नावात घालायचे गुण सगळे गप्प बसायचे. सोसा, माफ करा, मान खाली घाला. आणि मुलगे? विजय, प्रताप, अभय. म्हणजे पराक्रम त्यांनी करायचा आणि क्षमा आपण करायची. मी म्हटलं, गुण ठेवायचाच तर धमक ठेवा. पूर्वी म्हणाली, आई, शाळेत पोरं चिडवतील. मी म्हटलं चिडवू दे, नावाप्रमाणे निघाली तर चोपून काढील. कोणी ऐकलं नाही.

माझं म्हणणं असं की नाव हाक मारायला असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी टोपलीजवळ उभी राहून एकेक नाव मार्केटच्या त्या टोकापर्यंत ओरडून बघितलं. धृती म्हणून ओरडले तर कोणाला तरी ठसका लागल्यासारखं वाटलं. समता बरं गेलं, पण बर्फाच्या गाडीपर्यंत पोचून तिथेच पडलं. प्रज्ञा म्हणून ओरडले तर खरोखरच्या दोन प्रज्ञा आल्या, त्यातल्या एकीने बांगडे घेतले. (तेवढंच एक नाव धंद्याला बरं.) धमक मात्र अशी घुमली की मटणवाल्याने सुरा खाली ठेवला. पण माझं ऐकतो कोण.

आता विहीणबाई. पूर्वीची आई शोभा आपटा गावाहून बाळंतपणाला आली ती भटजीकडून अक्षर घेऊनच. अक्षर निघालं ढा. आता सांग. धनेश तिच्याशी नेहमी नीटच बोलतो, त्याने शांतपणे विचारलं की ढ वरून गुण कोणता. विहीणबाई भांडी घासून होईपर्यंत विचार करत होत्या. शेवटी पूर्वीच म्हणाली, एक आहे, ढोंग. त्यावर विहीणबाई ज्या रुसल्या त्या पाचवीपर्यंत रुसलेल्याच होत्या, आणि सगळा घोटाळा त्या पाचवीलाच झाला.

पाचवीला सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, त्यासाठी उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवायचं, हे तुला सांगायला नको. धनेश म्हणाला, असलं काही ठेवायचं नाही. मी म्हटलं ठीक, नाही ठेवत. पण विहीणबाईंनी सगळे झोपल्यावर गुपचूप ठेवलं. पहाटे तुझ्या बापाला करंजा बंदरावरून, काय माल आला ते सांगायला, दिनानाथचा फोन आला. तुझ्या बापाला ऐकलेलं लिहून घेतल्याशिवाय ध्यानात राहत नाही, आणि चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही. तो अंधारात चाचपडत गेला, पाळण्याजवळ पेन सापडलं, कागद सापडला, लिहिलं आणि तसाच टेम्पो घेऊन उरणला निघाला. कागद तिथेच. सकाळी विहीणबाई उठल्या, हात जोडले आणि कागद वाचला. त्यावर होतं, ‘पापलेट नाय. बांगडा हाय. बर्फ कमी.’

विहीणबाई मटकन खाली बसल्या. त्यांना वाटलं, सटवाईने पोरीचं नशीबच लिहिलं. पापलेट नाही म्हणजे मोठं घर मिळणार नाही, बांगड्यावर भागवावं लागणार. बर्फ कमी म्हणजे डोकं गरम राहणार. (हे शेवटचं मला पटलं.) त्या रडायला लागल्या, त्यांचं बघून पूर्वी रडायला लागली, ओली बाळंतीण. धनेशने कागदावरचं अक्षर बघितलं आणि आधी हसला, मग बायको रडते आहे हे बघून भडकला. म्हणाला, पुरे झाला हा खेळ, आता काहीच करायचं नाही. आणि त्या तिरमिरीत त्याने पहिला फोन तुला लावला. काय म्हणाला ते मी शेजारीच उभी होते म्हणून ऐकलं. बारसं-बिरसं नाही, पाळणा सजवायचा नाही, कानात कुर्र नाही, ताई, तू उगाच धावपळ करू नको. तू बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला वाटलं समजूतदार पोरगी, समजली.

तू काय समजलीस ते मला परवा कुंदनरावांकडून कळलं. ते घराबाहेर येऊन फोनवर हळू आवाजात बोलत होते. तुझ्या सासूबाई म्हणाल्या म्हणे, भाऊ शहाणा निघाला, नऊ वर्षं जिची कूस उजवली नाही तिला पाळण्याला हात लावू नको असं तोंडावर सांगण्यापेक्षा त्याने बारसंच काढून टाकलं. आणि तू शिवलेली कुंची घडी करून पेटीच्या तळाशी ठेवलीस आणि आमचे फोन घेणं बंद केलंस.

बाय, मी मार्केटात बसणारी बाई आहे, मला गोड बोलता येत नाही. पण ते ऐकून मी त्या दिवशी कोयता बाजूला ठेवला, कारण हात कापला असता. घरी आले आणि धनेशला सगळं सांगितलं, तुझ्या सासूचे शब्द जसेच्या तसे. तो जेवायला बसला होता. ताट सरकवलं. अंधश्रद्धेवर घरात तासभर बोलणारा माणूस, पण आपण काय तोडलं ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. लोकांच्या घरी वांझोटीला पाळण्यापासून लांब ठेवतात हे त्याच्या डोक्यातच नव्हतं, त्याच्यासाठी तू ताई आहेस, ज्या ताईने त्याला काखेत घेऊन सगळी आळी हिंडवली. मग मी त्याला एकच विचारलं. “देव नको, ऱ्हाऊ दे. पन बहीन का नको?”

तो उठला, मोरीवर हात धुऊन आला.

आणि तोच म्हणाला, कुर्र करण्यात देव कुठे आहे, आत्याच तर आहे. आणि मग असा चढला की विचारू नको. म्हणाला, पाळण्याला पहिला हात ताईचा लागेल आणि नाव ताईच सांगेल, आम्ही दोघं नुसती ऐकणार, आणि कोणाला खटकलं तर त्याने दारातूनच परत जावं. अक्षर बघायचं नाही, भटजीला विचारायचं नाही, आम्हालाही विचारायचं नाही. गुण कोणता ते ताईला कळतं. तेव्हापासून तो तुला फोन लावतो आहे आणि तू उचलत नाहीस, म्हणून पोरगी अजून बिननावाची आहे.

बारसं येत्या रविवारी संध्याकाळी ठरलं आहे. सजावटीचा वाद मिटला, पाळण्याला फुगे लावायचे, फुग्याला धर्म नसतो म्हणे. बाळ पाळण्याखालून या हातातून त्या हातात देताना बायका कृष्णाची नावं घेतात, त्यावर धनेश जरा अडला होता. तुझ्या बापाने तोड काढली. म्हणाला, कुणी कोलंबी घ्या, कुणी बोंबील घ्या, असं म्हणा. धनेशला चाललं. विहीणबाई अजून विचार करत आहेत.

कुंदनरावांना घेऊन ये. सासूबाई येतो म्हणाल्या तर त्यांनाही आण, मी त्यांना पाळण्याच्या अगदी समोर पाट देणार आहे, नीट दिसेल असा.

तुझी आई,
गुणाबाई

ता. क. नाव तू कोणतं ठेवायचं ते मी सांगणार नाही, धनेशने मला शपथ घातली आहे. (देव मानत नाही, शपथ मात्र घालतो.) एवढंच लिहिते की सोसायच्या गुणाचं नको. ते आपल्या घरात तुझ्या वाट्याला येऊन संपलं.

ता. क. २. धमक हे नाव अजून कोणी घेतलेलं नाही.

ता. क. ३. तू आली नाहीस तर आत्याच्या जागी विहीणबाई बसतील, आणि त्यांच्याकडे ढ आहे. पोरीने जन्मभर तुला जाब विचारला तर मी उत्तर देणार नाही.

ता. क. ४. येताना पेटीच्या तळाची कुंची आण. आणि बंदरावरून चार पापलेटं आण, मोठी, डोळे बघून घे. पोरीच्या नशिबात पापलेट नाही असं लेखी आहे. आत्याने पहिल्याच दिवशी घरात पापलेट आणलं म्हणजे लिहिलेलं खोटं पडतं हे एकदा सगळ्यांना दिसू दे. तुझ्या सासूलाही.