पाटीवरचा लाल ठिपका

ब्रेमेन, ४ ऑक्टोबर २०१८

तीर्थस्वरूप आल्मुटआत्यास,
वीबकेचा शि. सा. न. वि. वि. गुडघा कसा आहे? पायऱ्या पुसायचं आता तरी सोड.

नाताळात जिच्यावर आपण मेणबत्ती टेकवायचो ती पणजोबांनी चीनमधून आणलेली लाकडी पाटी कुणाची ते सापडलं. तिची मागची फळी सरकते. आत एका बाईचं नाव आहे आणि शानतुंगमधलं गाव. तिचे पणतू, क्वाय नावाचे म्हातारे मास्तर, ती न्यायला आमच्या संग्रहालयात येताहेत. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी मुलगा बोट टोचून तिच्या नावाच्या पाटीवर रक्ताचा ठिपका ठेवतो आणि मग आई त्या पाटीत राहते, असं ते मानतात. तो ठिपका पुसला तर उरतं नुसतं लाकूड. म्हणून आत्या, तू धूळसुद्धा झटकू नकोस, तशीच पाठव. संग्रहालयात लावलेल्या पणजोबांच्या फोटोखाली मी ‘लुटीचा माल’ लिहिलं म्हणून अजून फुगली आहेस, ठाऊक आहे. खोटं कसं लिहू?

रागावलीस तरी माया असू दे.
तुझी वीबके

विल्हेल्म्सहाफेन, १५ ऑक्टोबर

चि. वीबकेस, अनेक आशीर्वाद.
गुडघा माझा आहे, पायऱ्याही माझ्याच. काल बेकरीतल्या बाईने विचारलं की तुमचे आजोबा चोर होते का. ब्रेमेनला जाऊन फोटो पाहून आली होती. ज्यांच्या मांडीवर मी वाचायला शिकले, त्यांना तू गावभर चोर केलंस. शिकलीस हो चांगली.

पाटी आजच टपालात टाकली. आपल्या घरातून वस्तू मळकी बाहेर जात नाही, आईने लावलेली शिस्त आहे. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ब्रशने घासली. लाल डाग चिवट होता. तो मुद्दाम काढला, उगाच धांदरटपणा समजू नकोस. माझा माणूस तू पुसलास, त्यांचा मी पुसला.

जेवत जा वेळेवर. 
आल्मुटआत्या

ब्रेमेन, ९ नोव्हेंबर

श्रीमती आल्मुट यांस,
सा. न. वि. वि. क्वाय आले. पणजीला ऊन लागू नये म्हणून काळी छत्री आणली होती, परतीच्या विमानात तिच्यासाठी शेजारची जागाही घेतली होती. आमच्या दालनात त्यांनी छत्री उघडली, पाटी हातात घेतली, आणि छत्री मिटली. दुभाष्याला म्हणाले, इथे कुणी नाही. रडले नाहीत. मीच रडले, तर मला पाणी आणून दिलं.

त्यांचं एकच मागणं आहे. धुतलेलं पाणी कुठे ओतलंत ते कळवा. तिथली मूठभर माती ते गावी नेऊन पुरणार आहेत. पुढच्या शनिवारपर्यंत थांबले आहेत.

कळावे.
वीबके

विल्हेल्म्सहाफेन, १२ नोव्हेंबर

चि. वीबकेस, अ. आ.
संडासात. घाण पाणी बागेत ओतायची आपल्या घरी पद्धत नाही, हे तुला माहीत असायला हवं होतं. त्यांना तसंच सांग, तुला खोटं लिहिता येत नाही ना.

नाताळला हंस भाजणार आहे. मेणबत्तीसाठी दुसरं काहीतरी बघावं लागेल. येताना घेऊन ये.
आल्मुटआत्या