चार मिलिमीटर

शनिवार, ९ मार्च

प्रिय ताई,

कशी आहेस, असं विचारून सुरुवात करायला हवी. पण भावोजींनी फोनवर सगळं सांगितलं. बाळाचं वजन साडेचार किलो, तुझी झोप शून्य, आणि घरात बोलायचं ते कुजबुजत. इकडे मी बरी आहे. भरतकामाचं मशीन नीट चालतंय. गेल्या आठवड्यात एका शाळेचे दोनशे बिल्ले भरून दिले.

आधी कामाचं. मंगळवारी मी भावोजींना सांगितलं होतं की मी पाठवलेल्या ब्लँकेटचा रंग जातो, बाळाला लावू नका, उचलून वर ठेवा. आता काढ. खुशाल वापर. रंग जात नाही. कधीच जात नव्हता.

खरं कारण सांगते. पूर्ण वाच, मग चिड.

ब्लँकेटच्या कोपऱ्यात खार आहे. खारच का, हे तुला सांगायला नको. लहानपणी मी बटणं गालात लपवायचे म्हणून तूच ते नाव ठेवलंस. चित्राचे टाके करून द्यायला सॉफ्टवेअर एका बटणावर तयार असतं, पण ते शेपटाचा झाडू करतं. म्हणून मी टाका न् टाका स्वतः बसवला. शेपटात तीन रंग. वरचा रंग आला की त्याच्याखालचे टाके काढून टाकायचे, हा काम शिकतानाचा पहिल्या महिन्यातला धडा. मी विसरले. तीन थर एकावर एक चढले, कापड पुठ्ठ्यासारखं झालं आणि सुई मोडली.

थर उसवले, फाइल सुधारली, नव्या सुईने शेपूट पुन्हा भरलं. तेवढ्यात कुरियरवाला दारात आला.

मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे वहीत चिकटपट्टीने लावायचे, आणि सुई पूर्ण जुळेपर्यंत माल बाहेर जाऊ द्यायचा नाही. हे माझ्याच भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय. मी तुकडे डबीत टाकले आणि पार्सल देऊन टाकलं. मंगळवारी वही घेऊन बसले, तर सुई चार मिलिमीटर कमी. टोकच नव्हतं.

ते ब्लँकेटमध्ये असू शकत होतं. बाळाच्या पाठीखाली.

हे सांगायला फोन लावला आणि तोंडातून रंगाचं निघालं. भावोजी म्हणाले, "अगं, तिने पार्सल अजून उघडलंच नाहीये. कमाल आहे तुम्हा दोघींची. एक बोलत नाही, दुसरी उघडत नाही." तुझ्या रागाने माझ्यावर इतके उपकार पूर्वी कधी केले नव्हते.

मग तीन दिवस शोधलं. मशीनचा खालचा भाग उघडला, कात्रणांची पिशवी चाळली, चुंबक घेऊन फरशी पिंजून काढली. शेजारच्या दुकानातले शिंपीकाका येता-जाता डोकावायचे, "काय, सापडले का पाहुणे?" काल ते माझी चुंबकाची फ्रेम मागायला आले. जाड कापड तिच्यातच धरते मी, ब्लँकेटही तिच्यातच धरलं होतं. त्यांनी ती खुंटीवरून काढली, उलटी केली आणि म्हणाले, "पोरी, हिला दात कधी फुटला?"

टोक फ्रेमच्याच चुंबकाला चिकटलेलं होतं.

"काखेत कळसा..." काकांनी सुरुवात केली. मी म्हण पूर्ण होऊ दिली नाही, चहा ठेवला. टोक वहीत लावलं, नव्या सुईशेजारी धरून मोजलं. तंतोतंत. मग स्टुलावर बसले. चहा काकांनीच गाळला.

आता दुसरं.

डिलिव्हरीला ये म्हणालीस तेव्हा मी मोठ्या ऑर्डरचं कारण दिलं. ती ऑर्डर पुढे ढकलली गेली होती. त्या आठवड्यात मी दोन टोप्या भरल्या, बाकी मशीन पुसलं.

पहिल्या बाळंतपणाला मी आले होते, ताई. येताना दुपटं आणलं होतं, कोपऱ्यात बदक भरून. ते बाळ घरी आलं नाही, दुपटं तुला दाखवायची वेळच आली नाही. पिशवीतून आणलं तसं परत नेलं. अजून माझ्या खालच्या खणात आहे. मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला ठाऊक आहे. दोन घटनांचा संबंध जोडायला पुरावा लागतो. तरी बाळ घरी येऊन दोन महिने होईपर्यंत मी त्याच्यासाठी सुईत दोरा ओवला नाही. ओवला, तर सुई मोडली. हे चार दिवस माझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते तू ओळखशील.

टोक सापडलंय. बाळ साडेचार किलोचं आहे. दोन्ही मोजून झालेलं आहे.

वहीच्या पानाचा फोटो सोबत ठेवतेय. तीन तुकडे आहेत, जुळवून बघ. पुढच्या रविवारी सकाळी मी येतेय. बदकाचं दुपटं आणू की नको, ते तू सांग. भांडायचं असेल तर भांडू, पण कुजबुजत.

दोन कारणं खोटी दिली. तिसरं देणार नाही.

तुझी
खार