पुढची पात

माय, चावडीतल्या गादीत ढेकूण झालेत. निजाम सरकारचा अंमल इथून हैदराबादेपर्यंत. बाभळीची फांदी तोडायची तर अर्जी लागते, पण ढेकणांची फिर्याद ऐकणारा एक अंमलदार नाही. मोठ्या लोकांत बसायला मिळालं की खाजवायचीही चोरी. आज सकाळपासून मी गंभीर चेहऱ्यानं चावून घेत होतो आणि समोर गावचे जमीनदार वाद घालत होते, की खुरपणीच्या बायकांना शेरभर ज्वारीऐवजी दीड शेर द्यावी का. जन्मात खुरपं न धरलेली माणसं. मी अर्जनवीस, उर्दू येतं, म्हणून ठराव लिहायला बोलावलेला.

पाटील म्हणाले, "पोट भरलं की माणसाचे हात चालत न्हाईत, मुन्शी."

"तरीच मालक," मी म्हणालो, "तुमचे हात कावून चालत न्हाईत ते आज कळलं."

चावडी हसली. पाटील सगळ्यांत मोठ्यानं हसले. तिथंच तर मी अडकलोय, माय. माझी जीभ त्यांना चालते, पिंजऱ्यातला राघू शिव्या द्यायला शिकला तर घरधन्याला कौतुकच वाटतं. माझं घर त्यांच्या जागेत, बीडच्या तहसिलीत जाणारे निम्मे अर्ज त्यांचे. बोलतो खूप, हलत काहीच नाही.

तुझं खोपटंही यांच्याच वडिलांच्या बांधाला होतं. थोरल्या पाटलाची रीत तुला पाठ होती: खुरपणीत सगळ्यांत चलाख बाईला पुढची पात, म्हणजे रांगेच्या पुढं राहायची ओळ, द्यायची आणि सांजच्याला तिच्या पदरात गुपचूप ओंजळभर ज्वारी जादा टाकायची. ती पळाली की मागच्या लाजेनं पळतात. एका ओंजळीत सगळ्या रानाचा दम विकत. ती पुढची पात तुझी. मग एका भादव्यात बायकांनी मजुरी वाढवून मागितली, आणि तू सावकाश झालीस. मी बांधावर बसलोय, तू कपाशीत गवताची एकेक काडी मुळासकट उपटतेस, दोन बोटं पुढं सरकतेस, आणि मागची सगळी रांग तुझ्यासारखीच सरकते. थोरला पाटील ओरडतो, "कावून गं, हात मोडला का?"

"न्हाई मालक, गवत लई दाट हाय."

गवत दाट नव्हतंच. तिसऱ्या दिवशी त्यानं खोपटं मोकळं करायला सांगितलं. चौथ्या दिवशी तू पुन्हा पुढच्या पातीवर पळालीस. सांजच्याला बायका तुझ्याशी बोलल्या नाहीत. मी भाकरी मोडता मोडता म्हणालो, "हरलीस की गं." तू चिडली नाहीस. माझ्या हातातली भाकरी तेवढी काढून घेतलीस आणि म्हणालीस, "आता म्हण."

आज दुपारी ठराव झाला. अर्धा शेर वाढ मंजूर, पण फक्त पुढच्या पातीच्या बाईला. बाप गुपचूप द्यायचा ते लेकानं राजरोस केलं, आणि वर त्याला वाढ म्हणायचं. मी उर्दूत झोकदार लिहिलं. पायरीखाली बायका उभ्या होत्या, त्यांना मराठीत सांगायचं कामही माझंच. सांगितलं.

हल्ली पुढची पात धरणारी बाई माझी शेजारीण आहे. तिनं विचारलं, "आन् बाकीच्याला, भाऊ?"

मी पाटलांकडं पाहिलं. ते म्हणाले, "ज्यांना पायजे त्यांनी पुढं यावं."

"मग मालक, उद्यापून पुढं कुणीच न्हाई," ती म्हणाली. "समद्या एका ओळीत सरकू. कुणाला देता अर्धा शेर ते तुमीच बगा."

"उद्या रानात पाय ठिवू नका मग," पाटील म्हणाले, आणि माझ्याकडं वळून, "मुन्शी, बोला की काहीतरी. आज जीभ कुठं गेली?"

सगळे हसायला तयार बसले होते. मी ठरावाच्या कागदाची घडी घातली.

तुला धाडायचं म्हणून हे लिहितोय खरं, पण सरकारी टपाल तू गेलीस त्या गावाला जात नाही. तेव्हा राहू दे. उन्हाळ्यात घरची माहेरी गेली होती तेव्हा मी शेजारणीकडून दोन शेर ज्वारी उसनी आणली होती. आज दिवस मावळायच्या आत ती तिच्या दारात नेऊन ठेवली. उद्या तिची चूल कशावर पेटायची ते मी विचारलं नाही. एक तेवढं कबूल करतो: मापं शिगोशीग भरली होती, आणि दारात जाताना पाटलांच्या माडीवरून कुणी बघत नाही ना, हे मी दोनदा वळून पाहिलं.