लिदियाबाईंच्या सिनेमाचं शेवटचं रीळ

कार्डिफ, १२ मार्च १९८६

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. मी बरी आहे, जेवतेही वेळेवर. फक्त कालपासून इथल्या माणसांची शिसारी आली आहे.

मी नर्स आहे त्या वॉर्डात लिदिया नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या रशियन बाई आहेत. क्रांतीच्या आधी त्या तिकडे मूकपटांच्या नायिका होत्या. चार वर्षांत अकरा सिनेमे केले, मग देश सुटला आणि इथे जन्मभर शिवणकाम केलं. एका फिल्म क्लबला त्यांचा एक सिनेमा सापडला, म्हणून काल मी त्यांना व्हीलचेअरवरून तिथे नेलं.

पडद्यावर त्या मरत होत्या आणि लोक खिदळत होते. पियानोवाला मुद्दाम विनोदी सूर वाजवत होता. मी म्हटलं, "चला, आपण जाऊ."

"नको. शेवटी माझी धाकटी बहीण येते. तिला मी एकोणीस साली शेवटचं पाहिलं."

तेवढ्यात दिवे लागले. क्लबचा सेक्रेटरी हसत म्हणाला, "शेवटचं रीळ गाळलं. चहा गार झाला असता!"

ताई, मी इतकी ओरडले की त्याने मुकाट्याने ते रीळ लावलं. बाकीचे पडद्याकडे पाठ फिरवून केक खात होते. पडद्यावर एक मुलगी आली, बहिणीच्या अंगावर शाल घालून निघून गेली. लिदियाबाई स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिल्या.

तुझं दोन महिन्यांत पत्र नाही. तुझ्या तपासण्यांनंतर डॉक्टर काय म्हणाले ते खरं खरं लिही, आणि तुझा आत्ताचा एक फोटो पाठव.

तुझीच,
सुलू