गालावरचा एक ठिपका

डॉक्टरबाई,

परवा माझी दाढ काढली. नगरलाच, एका तरण्या डॉक्टरनं. त्यानं आधी फोटो घेतला, तो पडद्यावर मला दाखवला, आणि चिमटा तोंडात घालण्याआधी दोनदा विचारलं, "हीच ना, मावशी?" मी मान हलवली आणि रडायलाच लागले. त्याला वाटलं दुखतंय. काय सांगणार त्याला? की बाबा रे, असं विचारायची मला मनाई होती, आणि ती तुम्ही केली होती. पन्नासएक वर्षं झाली या गोष्टीला. तुम्हाला जाऊनही तीस वर्षं होत आली असतील. माझा राग मात्र जसाच्या तसा आहे, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. म्हणून गाल सुजलेला असतानाच लिहायला बसले आहे.

मी मिशनच्या दवाखान्यात आले तेव्हा नर्सिंगची परीक्षा नुकतीच झाली होती. दातांच्या विभागात कुणी यायला तयार नसे, लोकांच्या तोंडाचा वास सहन होत नाही म्हणून. तुम्ही माझे हात उलटेसुलटे करून बघितलेत आणि म्हणालात, हिला मला द्या. मागच्या खोलीत स्टोव्हवर मोठं पातेलं असायचं, त्यात चिमटे उकळायचे. तुम्ही घड्याळ हातात धरून उभ्या राहायचात. एकदा मी वीस मिनिटांच्या आत झाकण उचललं, तर सगळं पाणी फेकून पुन्हा भरायला लावलंत. दुपारी त्याच खोलीत आमच्याबरोबर मांडी घालून पिठलं-भाकरी खायचात आणि वर ठेचा मागून घ्यायचात. सातासमुद्रापलीकडून आलेली बाई, पण तुम्हाला मी घाबरले तशी आईलाही कधी घाबरले नाही, आणि खरं सांगायचं तर जीवही तेवढाच लावला. पुढच्या वर्षी मला दातांच्या कामाच्या दोन वर्षांच्या शिक्षणाला मद्रासकडे पाठवायचं तुम्ही ठरवलं होतं. फॉर्म भरून झाला होता. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी ते चर्चच्या अख्ख्या मंडळीला सांगून टाकलं होतं.

त्यात दुष्काळ पडला. दर गुरुवारी आपली जीप पारनेरच्या बाजूला जायची, उकळलेल्या पाण्याचे डबेसुद्धा इथूनच भरून न्यायचो. खडी फोडायच्या कामावरची माणसं जेवणाच्या सुट्टीत यायची आणि सुट्टी संपायच्या आत त्यांना परत जायचं असायचं. म्हणून तुम्ही एक पद्धत बसवली होती. शाळेच्या बाकावर दहा जणांना ओळीनं बसवायचं. तुम्ही प्रत्येकाचं तोंड बघून सुई द्यायची आणि जांभळ्या औषधाची खूण गालावर करायची. एक ठिपका म्हणजे सगळ्यात मागची दाढ, दोन ठिपके म्हणजे तिच्या पुढची. दहावा होईपर्यंत पहिल्याचं तोंड बधिर झालेलं असे, मग मी चिमटा घेऊन निघायचे. मी नुसती नर्स, दाढा काढायचा मला कागदावर काही अधिकार नव्हता. पण माणसं एवढी असायची की कोण विचारतंय? एकदा मी एका म्हातारबाबाला विचारलं, बाबा, नक्की कुठली दुखते? तुम्ही लांबून बघितलंत आणि सगळ्या ओळीसमोर मला झापलंत. "त्यांना विचारायचं नाही. दुखणं सगळ्या जबड्यात फिरतं, ते कुठंही बोट दाखवतील. खूण बघायची आणि काढायची." त्यानंतर मी कुणालाही कधी विचारलं नाही.

त्या गुरुवारची बाई तुम्हाला आठवत होती का हो, शेवटपर्यंत? सहावी बसली होती, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, नवरा मागं उभा. गालावर एक ठिपका. एकच होता, डॉक्टरबाई, आजही शपथेवर सांगेन. मी चिमटा लावते. दाढ यायला बराच वेळ लागतो, मला घाम फुटतो. शेवटी निघते आणि मी ती वाटीत टाकते. पांढरीशुभ्र दाढ, कुठं कीड नाही. बाई जिभेनं चाचपते, मग बोट घालून बघते, आणि बधिर तोंडानं जमेल तसं म्हणते, "ही न्हाई वं बाई. ही चांगली हुती. भाकर मी हिच्यावरच चावत हुते." नवरा आवाज चढवतो, सरपंच धावत येतात, बाकावरची माणसं उठून उभी राहतात. मग तुम्ही आलात. वाटीत बघितलंत, तिच्या गालाकडं बघितलंत. मला जराही भीती वाटली नाही. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, माझं चुकलं. रविवारच्या शाळेत आम्हाला खरं बोलायला शिकवणाऱ्या तुम्हीच ना?

तुम्ही कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवलात आणि अगदी हळुवार हातानं तिचा गाल पुसलात. मागं जांभळट डाग राहिला. ठिपका एक होता की दोन, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. मग सरपंचांना म्हणालात, "मी दोन ठिपके दिले होते. मुलगी अजून शिकते आहे, तिची चूक झाली." एवढं बोलून दुखरी दाढ तुम्ही स्वतः काढलीत. एका दाढेसाठी आलेली बाई दोन देऊन, तोंडाला पदर लावून खडी फोडायला परत गेली.

परत येताना जीपमध्ये तुम्ही एकच वाक्य बोललात. हे काम बंद पडता कामा नये, तू समजून घे. समजून घ्यायचं ते हाताखालच्यानंच, नाही का? दवाखान्याच्या कमिटीसमोरही तुम्ही चूक माझीच सांगितलीत. मद्रासला दुसरीच मुलगी गेली आणि मला वॉर्डात टाकलं. वडील पुढचे दोन महिने रविवारच्या उपासनेला सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे. मी पुढं सरकारी नोकरी धरली, राहुरीकडच्या दवाखान्यात आयुष्यभर बाळंतपणं केली, पण पुन्हा कुणाच्या दाढेला हात लावला नाही. तुम्ही देश सोडून निघालात तेव्हा दात बघायचा तुमचा तो छोटा आरसा माझ्या हातात ठेवलात. मला आरसा नको होता, तुमच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मंडळीनं मला बोलायला उभं केलं, आणि मी तुमच्या हातांविषयी इतकं चांगलं बोलले की बायका रडल्या. घरी आल्यावर माझी मलाच चीड आली.

पण मला एक गोष्ट माहीत आहे. त्या गुरुवारनंतरचा रविवार चर्चमध्ये प्रभुभोजनाचा होता, प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा घ्यायचा. ज्याच्या मनात काही खोट असेल त्यानं आधी ती मिटवावी, मगच भाकर घ्यावी, असं पाळकसाहेबांनी नेहमीसारखं सांगितलं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकानं फिरत आलं. तुम्ही माझ्या पुढच्या बाकावर होतात. तुम्ही ताट हातात घेतलंत, जरा थांबलात, आणि काही न घेता शेजारणीकडं दिलंत. कुणाच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं. तेव्हापासून मी ते तुमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून जपून ठेवलं आहे. तुम्हाला माहीत होतं, पक्कं माहीत होतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. ती दाढ हलत नव्हती. पहिल्याच हिसक्याला माझ्या हाताला कळलं होतं की ही हाडात घट्ट बसलेली आहे. तिच्या पुढची काळी पडलेलीही मला दिसत होती. दोन पावलांवर तुम्ही होतात, मी थांबून विचारू शकत होते. पुन्हा सगळ्यांसमोर झापाल म्हणून विचारलं नाही, आणि मद्रासचा फॉर्म अजून तुमच्या टेबलावर होता म्हणूनही. त्या रविवारी तुम्ही ताट पुढं दिलंत. ते फिरून माझ्यापाशी आलं, तेव्हा मी भाकर घेतली.