आखणीआधीची माती

१२ जून, गुरुवार

प्रमोदने आज चार गणपती फोडले. (पुढे नुसता प. लिहीन. धाकट्या भावाचं नाव दर वेळी अख्खं लिहावं एवढी त्याची लायकी नाही.) कारण काय, तर रेडिओ. मीच लावला होता. मातीत हात असले की मला गाणी लागतात. त्याला डोळ्यांची आखणी करताना माशी घोंघावलेली चालत नाही. ‘ताई, बंद कर.’ एकदाच म्हणाला. मग फळीवरची एकेक मूर्ती उचलली आणि खाली. माझ्या हातची कामं. एकीची सोंड तर अशी उतरली होती की सकाळपासून चार वेळा जाऊन बघून आले होते.

मीही थापी फेकली. त्याच्या कानाजवळून गेली, ट्यूबलाइट फुटली. लागली असती तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं. आत्ताही वाटतंय.

आई झाडू घेऊन आली. ‘डोळे नव्हते ना काढलेले? मग मातीच ती. भिजव आणि परत मळ.’ हे अण्णांचं, आमच्या वडिलांचं वाक्य. अण्णा गेले, वाक्य मागे ठेवून गेले. आमच्या शेडमध्ये डोळे होईपर्यंत मूर्ती म्हणजे माती, वाटेल तशी फोडा. डोळे झाले की देव. मग रागाने बोटही लावायचं नाही. अण्णांनी हयातभर फोडल्या, पण डोळे असलेली एकही नाही.

१५ जून, रविवार

गंगापूर रोडला शिबिराला गेले. ‘कलावंत आणि दिनक्रम’. दोन चित्रकार, एक तबलजी, एक बाई कविता करणाऱ्या, आणि नखात माती असलेली मी. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, उगाच गोड नाही. म्हणाल्या, मूडची वाट बघत बसू नका, वेळ ठरवा, मूड झक मारत येतो. दिवसाचे खण पाडा, मिसळणाच्या डब्यासारखे. हळद हळदीत, मोहरी मोहरीत.

मी विचारलं, आणि राग? तर म्हणाल्या, त्यालाही एक खण द्या. नाही दिलात तर तो सगळ्या डब्यात सांडतो.

हे पटलं. येताना फळा घेऊन आले.

१७ जून

फळा लावला. सकाळी आखणी, प. एकटा, रेडिओ बंद, मी शेडमध्ये पाय टाकणार नाही. मग माझी माती. जेवण, झोप. चहानंतर: राग. कोपऱ्यात तडकलेल्या, फसलेल्या मूर्ती रचल्या, शेजारी लाकडी मोगरी.

प. वाचून हसला. ‘राग चहानंतर? सरकारी ऑफिसच उघडलंस की.’

पण चहानंतर गेला कोपऱ्यात. धाड धाड. आई घरातून ओरडली काय पडलं म्हणून. म्हटलं, काही नाही, वेळापत्रक चालू आहे.

२४ जून

चाललंय. खरंच चाललंय. चहा होतो, साहेब मोगरी उचलतात, घाम येईतो फोडतात, मग दुसरा चहा मागतात आणि शीळ घालत परत बसतात. फुटलेली माती मी भिजत टाकते. वाया काहीच नाही.

परवा दोघं मिसळ खायला गेलो. त्याने स्वतःहून माझ्या ताटलीत पापड मोडून टाकला, लहानपणी टाकायचा तसा. तो तुकडा मी शेवटपर्यंत बाजूला ठेवला. हसू नये कोणी, माझीच वही आहे.

३ जुलै

विंचूरच्या मंडळाची माणसं मोठी मूर्ती बघायला आली. बैठक, हात, कान, सगळं झालंय माझं. त्यांच्यातले म्हातारे काका भोवती फिरून आले. ‘ताई, लय भारी बसवली. पन डोळे दादाच काढनार ना? मागल्या साली आमची म्हातारी डोळ्यात बघून रडली हो.’

म्हटलं, दादाच काढणार.

मी महिना महिना अंग घडवते आणि रडतात त्याच्या दोन रेघांवर. हेवा वाटतो. वाटतो म्हणजे जळते मी. पण खोटं कशाला बोलू, डोळे तो काढतो तसे कोणी काढत नाही. मी काढले तर गणपती कायम कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे दिसतात.

१० जुलै

बिनसलं. चहानंतर प. कोपऱ्यात गेला, मोगरी उचलली, ठेवली. ‘मुहूर्त बघून राग येत नाही, ताई. आणि तडकलेलं फोडून काय होतं? चांगलं फोडल्याशिवाय आतलं शांत होत नाही.’

म्हटलं, मग आतलं जळू दे.

झालं. वाळत ठेवलेली अख्खी रांग आडवी. नवी, चांगली, रंगाचा पहिला पांढरा हात द्यायला तयार असलेली. हाताने, लाथेने. मी दारात उभी राहून बघितली. मनात मात्र त्याचं डोकं त्या रांगेत ठेवून पाहिलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

११ जुलै, शुक्रवार

प. रंग फवारायचा कॉम्प्रेसर दुरुस्तीला घेऊन सिन्नरला गेला आहे, संध्याकाळपर्यंत येत नाही. मला अक्कल सुचली. सकाळपासून बसून उरलेल्या सगळ्या मूर्तींचे डोळे काढले. कच्च्या मातीवर, पांढरा हात नाही, अंगरंग नाही, सरळ काळ्या रंगाने डोळे. वेडेवाकडे असतील, पण डोळे आहेत.

मोठी तेवढी ठेवली. विंचूरकरांना शब्द दिलाय.

सगळी शेड माझ्याकडे बघतेय. आता फोड म्हणावं, बघू कुठला हात उठतो.

१४ जुलै

डाव्या हाताने. अक्षर असंच येणार.

उजवं मनगट मोडलं. प. ने. मोगरीने.

सिव्हिलला आई म्हणाली, शेडमध्ये पाय घसरला हिचा. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘पडल्यावर असं मोडत नाही. तुम्ही सांगा.’ मी मान हलवली. हो पण नाही, नाही पण नाही. घरी आले.

का गप्प बसले

१६ जुलै

लिहूनच टाकते, हळूहळू.

शनिवारी सकाळी शेडवर आला. दार उघडलं आणि थांबला. मला वाटलं हसेल किंवा शिव्या देईल. पांढराफटक पडला. ‘ताई, काय केलंस हे? अंगरंग कसा देऊ? उघडलेल्या डोळ्यांवर कॉम्प्रेसर मारू?’

तेव्हा कळलं. डोळे सगळ्यात शेवटी का, ते लहानपणापासून माहीत होतं आणि तरी शेवटचं काम पहिलं केलं. दिवसाचे खण पाडणारी बाई मी. एकदा उघडलेले डोळे रंगाखाली बुजवायचे नाहीत. म्हणजे फोडायच्या नाहीत, रंगवायच्या नाहीत, आणि अशा मातकट विकायच्याही नाहीत.

चूक माझी होती. इथपर्यंत माझी.

त्याने एक उचलली, डोक्यावर नेली. खाली ठेवली, अलगद. दुसरी उचलली. तीही ठेवली. मी हसले. हो, हसले. म्हटलं, ‘काय झालं? फोड की.’

मग त्याने शेडमध्ये बघितलं, कशाला डोळे नाहीत ते शोधल्यासारखं. मोठीपुढे मी उभी होते, माझा हात फळीवर होता.

मला डोळे नाहीत का रे, हरामखोरा?

२० जुलै

प. घरात नाही. हरसूलला मित्राकडे जाऊन बसलाय. आई रोज फोन करते, जेवला का विचारते. माझी वेणी घालताना करते, मला ऐकू जाईल असा.

आज आईने मार्ग काढला. कागदाच्या बारीक पट्ट्या कापून एकेका मूर्तीच्या डोळ्यांवर चिकटवत बसली. वरून रंग मारायचा, मग पट्टी काढायची. डोळे बुजले नाहीत, झाकले फक्त. हात जपून चालत होता तिचा. माझ्या प्लास्टरकडे इतक्या दिवसांत असं बघितलं नाही तिने.

भांडले. म्हटलं, देवांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधतेस, सिव्हिलमध्येही तेच केलंस.

पट्ट्या लावत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, ‘तुझे अण्णा मूर्ती फोडायचे. मी कधी अडवलं?’

‘नाही.’

‘का नाही अडवलं, कळलं का आता?’

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं आणि बसले तिथेच, ओल्या मातीत. आई कायम अण्णांच्या हाताच्या टप्प्याबाहेरून, जपून जायची. मला वाटायचं रंग सांडेल म्हणून.

‘माती फुटायची म्हणून मी अख्खी राहिले,’ म्हणाली. ‘आणि तू शहाणी, सगळ्या मातीला डोळे काढून बसलीस.’

२९ जुलै, नागपंचमी

आज चिरू नये, कापू नये, म्हणून आईने उकडीचं केलं. चिरण्याकापण्याचा विचार मात्र दिवसभर माझ्या डोक्यात.

दुपारी मोठीपुढे बसले. पांढरा हात, अंगरंग, सगळं लावून झालंय, शेजारच्या गल्लीतले रंगारी येऊन करून गेले. डोळ्यांच्या जागी दोन कोरे खळगे. डोळे नाहीत म्हणजे माती. म्हणजे माझाही हक्क आहे. डाव्या हाताने मोगरी उचलली. जड लागली. बोटं त्या दांड्यावर घट्ट बसली, तेव्हा फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची भीती वाटली. आईची भीती, अण्णांचा राग, प. चा राग, सगळं त्याच दांड्याला लागून.

फळी फोडली. मूर्ती नाही. मग फळ्यावरचा रागाचा खण पुसला. इतका घासून की लाकूड दिसलं. शिबिराच्या बाईंचं सगळं बरोबर होतं, पण आमच्या घरात तो खण पिढ्यान्‌पिढ्या पाडलेलाच होता, हे त्यांना काय माहीत.

९ ऑगस्ट, राखी

प. आला. दाढी वाढलेली. आईने पाट मांडला, ताट, निरांजन. मी गेले नाही. मग गेले. मला बघायचं होतं तो हाताकडे बघतो का. बघितलं. लगेच खाली.

राखी एका हाताने बांधून बघितली. गाठ बसेना. आई म्हणाली, ‘मी धरते एक टोक.’

‘नको धरूस.’

प. म्हणाला, ‘चुकलं, ताई. पण तू ते डोळे काढले नसतेस तर…’

‘पण’ आला तिथेच राखी ताटात ठेवली. म्हटलं, नीट ऐक. मोठीचे डोळे तू काढ, मी विंचूरला शब्द दिलाय. ते झाले की मी पोलीस ठाण्यात जाणार आणि हात कसा मोडला ते सांगणार. शेडची किल्ली आजपासून माझ्याकडे.

‘मग मी डोळे काढूच कशाला?’

‘नको काढूस. विंचूरकरांना म्हणते, आंधळा न्या.’

आई म्हणाली, सणाच्या दिवशी काय हे. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या विंचूरचा टेम्पो. प्लास्टर निघालं, बोटं अजून वळत नाहीत. चहासुद्धा डाव्या हाताने.

दुपारी प. आला. कुंचले घेऊन. मी शेडची दोन्ही दारं सताड उघडली आणि दारात स्टूल टाकून बसले, वही मांडीवर. आई उंबऱ्याशी. रेडिओ लावला. मुद्दाम. त्याने एकदा बघितलं आणि कुंचला भिजवला.

काढायला लागला. काय सांगू. हातात कुंचला आला की हा माणूस दुसराच होतो. श्वास रोखून एक रेघ, मग पापणी, मग बुबुळ, आणि त्या कोऱ्या खळग्यातून कोणीतरी एकदम आत आलं. ज्या हाताने हे येतं त्याच हाताने ते झालं, हे मला अजून एका जागी ठेवता येत नाही.

एक डोळा झाला. थांबला. कुंचला पाण्यात टाकला. ‘दुसरा उद्या बघू. आज मूड नाही.’

‘टेम्पो सकाळी आहे.’

‘असू दे.’ हसला. मग मूर्तीकडे बोट करून म्हणाला, ‘एक डोळा आहे, एक नाही. आता ही माती का देव, ताई? अण्णांनी हे सांगितलं नव्हतं.’

त्याची नजर कोपऱ्याकडे गेली, मोगरी होती तिकडे. माझीही गेली.

आई उठली. इतकी वर्षं फक्त झाडू घेऊन आत येणारी बाई. आमच्या दोघांच्या मधून कोपऱ्यात गेली, मोगरी उचलली, पदराने पुसली आणि आणून माझ्या मांडीवर, वहीशेजारी ठेवली. डाव्या हाताच्या बाजूला. मग प. ला म्हणाली, ‘दुसरा डोळा काढ.’

त्याने कुंचला पाण्यातून काढला आहे. मूर्तीपुढे उभा आहे, अजून टेकवलेला नाही. आई त्याच्या पाठीमागे उभी. मी इथे दारातच बसून लिहितेय.