पोळ्याचा बैल

नरडाणा

जिवलीला दिवल्याचा रामराम. फोन फुटला, म्हणून कार्ड टाकतोय. मी बरा आहे. डोक्याला टाके पडलेत, पण भाकरी चावता येते.

पोळ्याला शेतमालकाने बैल सजवून मी त्याच्या शेतात ठेवलेल्या मधमाश्यांच्या पेट्यांपुढून मिरवला. शिंगांच्या ताज्या रंगाच्या वासाने माश्या खवळल्या. डसून डसून त्यांनी बैल मारला. त्या जनावराचं वाईट वाटतं, माणसांचं नाही.

माणसं काठ्या आणि डिझेल घेऊन आली. मला पाडून तुडवलं, एक पेटी पेटवली. पडल्या पडल्या मी बाकीच्या पेट्यांची झाकणं लाथेने उडवली. मारणारे ओरडत पळाले.

पण डसलेली माशी जगत नाही, हे तुला माहीत आहे.

आईचा खोकला कसा आहे? पेट्या घेऊन येतोय. उतरवायला कोणाला बोलावू नकोस. हलक्या झाल्यात.

तुझा दिवल्या